बापूसाहेबांची सीडी अडकली तेव्हा

कांचघर मोहल्ल्यातल्या शकुताई देवतळ्यांकडे "माझं मशीन बिघडलं हो" असं रडगाणं घेऊन कोणी गेलं, तर त्या आधी त्याला बसायला सांगत, मग पाणी देत आणि मग विचारत, "बिघडलं म्हणजे काय झालं? ऐकून नाही राहिलं, का बोलून नाही राहिलं?" मशीन कुठलंही असो, मिक्सर असो नाहीतर रेडिओ, प्रश्न हाच. कारण शकुताईंची उभी नोकरी जबलपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, बाहेरगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक बोर्डावर गेली होती. कानावर हेडफोन, समोर दोऱ्यांचं जंजाळ आणि पलीकडे कटनीचा नाहीतर नागपूरचा कोणीतरी ओरडणारा माणूस. लाइन लागत नसेल तर खोट तीनच ठिकाणी असू शकते, असं त्या सांगत: ह्या टोकाला, त्या टोकाला, नाहीतर मधल्या तारेत. एकेक टोक धरून तपासत जायचं. अंदाजपंचे करायचं नाही, आणि तपासून होईस्तोवर कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत. यातला दुसरा नियम त्यांना स्वतःला कधीच पाळता आला नाही, ती गोष्ट वेगळी.

माहेर वर्ध्याचं. बदली होऊन जबलपूरला आल्या त्या इथल्याच झाल्या. लग्न राहून गेलं, आणि राहून गेलं ते बरं झालं, असं त्या इतक्या आनंदाने सांगत की समोरच्या बाईला क्षणभर स्वतःच्या नवऱ्याचा राग यावा. निवृत्तीनंतर पुण्याच्या भाच्याने, शैलेंद्रने, त्यांना एक कॉम्प्युटर आणून दिला. त्याच्यातली आधीची सिस्टीम दर पंधरवड्याला व्हायरसने अंथरूण धरायची. शेवटी शैलेंद्रने ती पुसून लिनक्स टाकलं आणि म्हणाला, "आत्या, आता हे तुझं तू सांभाळ."

त्याला वाटलं होतं आत्या कंटाळेल. झालं उलटंच. लिनक्समध्ये एक काळी खिडकी उघडते, तिच्यात आपण हुकूम टाइप करायचा आणि मशीनने खाली उत्तर द्यायचं. शकुताईंना हे फारच आवडलं. हे तर आपलं ट्रंक बोर्डच झालं की! विचारलं की बोलतो. नाही जमलं तर काहून नाही जमलं तेही सांगतो. बाकीची मशीनं नुसती तोंड फुगवून बसतात. वर्षभरात शकुताई त्या काळ्या खिडकीशी इतक्या सलगीने बोलायला लागल्या की शेजारच्यांना वाटे घरात पाहुणा आला आहे. पुढे मराठी समाजातल्या लोकांच्या जुन्या कॅसेटींच्या सीड्या, मुंजीचे फोटो, कोणाच्या तरी आजीचं कीर्तन, सगळं शकुताईंच्या घरून फिरून जाऊ लागलं. पेनड्राइव्ह आले होते, पण घरच्या कार्याच्या सीडीला तेव्हा अजून मान होता.

आणि नेमका त्या वर्षी दसऱ्यानंतर त्यांचा सीडी ड्राइव्ह रुसला.

सीडी आत घातली की दिवा लुकलुके, पोटात कर्र कर्र होई आणि मशीन म्हणे, आत काही नाहीच. शकुताई म्हणत, "अरे, आत्ता घातली ना मी! डोळे फुटले का तुझे?" त्याच सुमारास लिनक्सची नवी आवृत्ती आली होती आणि शैलेंद्रच्या सांगण्यावरून त्यांनी ती चढवली होती. मग काय, चोर सापडला. रोज संध्याकाळी पुण्याला फोन.

"तुझ्या नव्या आवृत्तीने माझा ड्राइव्ह खाल्ला."

"आत्या, आवृत्ती ड्राइव्ह खात नाही गं."

"मग काय मी खाल्ला?"

दिवाळी आली आणि गेली. ड्राइव्हची दुरुस्ती फोनवरच्या भांडणाच्या पुढे सरकली नाही, कारण तशी घाई कोणाला नव्हती. घाई झाली ती बापूसाहेब चांदोरकर स्वतः चालत घरी आले तेव्हा.

सिव्हिल लाइन्समधले बापूसाहेब म्हणजे कचेरीतले निवृत्त अनुवादक, पण मराठी माणसं त्यांना ओळखत होती ती मंगलाष्टकांसाठी. जबलपुरात मराठी घरातलं लग्न ठरलं की आधी हॉल बघायचा आणि मग बापूसाहेबांना मुलामुलीचं नाव कळवायचं, अशी रीतच होती. ते प्रत्येक लग्नासाठी नवी मंगलाष्टकं बांधत, त्यात वधूवरांची नावं गुंफत आणि स्वतः गात. आवाज असा की मांडवाच्या मागे भांडी घासणारी बाईसुद्धा हात थांबवून ऐके. वृत्ताचे मोठे कडक होते. एका वरपित्याने मुलाच्या नावापुढे "साहेब" घालायचा हट्ट धरला, तेव्हा वृत्त मोडतं म्हणून बापूसाहेबांनी लग्नाला यायलाच नकार दिला होता.

मग घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती खरखर. घरात ते तेवढ्या खरखरीने बोलत, पण चार लोकांत तोंड उघडणं त्यांनी सोडून दिलं. लग्नाला जात, मागच्या खुर्चीवर बसत, पंगतीच्या आधीच घरी परतत. ज्या माणसाने शेकडो पोरींना मांडवात उभं केलं तो मान खाली घालून बाहेर पडताना बघून शकुताई नजर दुसरीकडे वळवत. आवाजाचं मोल त्यांना कोणी सांगायला नको होतं. त्यांनी जन्मभर दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

बापूसाहेबांबरोबर त्यांची नात अंजनी होती. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच मुहूर्तावर, म्हणजे तीनचार दिवसांवर आलं होतं. मुलगी कॉलेजात शिकवणारी, हुशार, मराठी सगळं समजणारी आणि बोलताना अर्ध्यातून हिंदीत उडी मारणारी.

"मावशी, गुरुजी बोल रहे थे की मोबाइलवर तयार मंगलाष्टकं आहेत, ती लावू. मी साफ मना केलं. माझ्या लग्नात आजोबांचाच आवाज पाहिजे, नहीं तो कुछ नहीं."

बापूसाहेबांनी कोटाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेली सीडी काढली. विनताच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या आणि अंजनीच्या आईच्या लग्नात ते गायले होते, त्याची कॅसेट कोणीतरी भरून ठेवली होती. त्या कॅसेटची ही सीडी. कॅसेटला पुढे बुरशी लागली आणि ती गेली. म्हणजे बापूसाहेबांचा आवाज ह्या जगात आता एवढ्या एका चकतीवर उरला होता. आणि ऑपरेशननंतर त्यांनी ती चकती कपाटात किल्ल्या, अडकित्ते आणि जुन्या कुलुपांच्या खाली टाकून दिली होती. नको ते ऐकणं, असं म्हणून.

शकुताईंनी ती उजेडात धरली. मांजराने नखं पाजळावीत तशी ओरखड्यांनी भरलेली.

"फोटोवाल्या भैयाच्या दुकानात लावून पाहिली," अंजनी म्हणाली. "दोन मिनिटं चालते, फिर अटक जाती है. मग उड्या मारत सुटते."

बापूसाहेबांनी शकुताईंच्या जवळ तोंड नेलं. खरखरत म्हणाले, "जमलं तर बघा. नाही जमलं तर राहू द्या. पण कोणाला सांगू नका, मी घेऊन आलो म्हणून."

असं म्हणणाऱ्या माणसाला किती हवं असतं, ते काय सांगायला हवं? शकुताई मोठ्या तोऱ्यात म्हणाल्या, "जमलं तर म्हणजे काय? माझं मशीन आहे ते. तुम्ही चहा घ्या." आपला ड्राइव्ह महिनाभर रुसून बसला आहे हे त्या सोयीस्करपणे विसरल्या. सीडी आत घातली. कर्र कर्र झालं, दिवा लुकलुकला, आणि मग ड्राइव्हने महिन्याभरात केलं नव्हतं ते केलं. बटण दाबलं तरी दार उघडेना.

जगातली एकुलती एक सीडी आत अडकली.

शकुताईंनी बापूसाहेबांना हसून निरोप दिला, अंजनीला मात्र हाताला धरून मागे ठेवलं, आणि दार लागताच पुण्याला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवला, कारण भांडताना त्यांना दोन्ही हात मोकळे लागत.

शैलेंद्रचा स्वभाव आत्याच्या नेमका उलट. तो म्हणाला, "आत्या, आधी सांग, लाइन कुठे तुटली आहे असं तुला वाटतं?"

हे ऐकल्यावर शकुताई चटकन शांत झाल्या. त्यांच्याच शाळेतला धडा त्यांना कोणीतरी वाचून दाखवला होता. काळी खिडकी उघडली. पहिला प्रश्न: मशीनला ड्राइव्ह दिसतो का? दिसत होता, नावासकट. म्हणजे ते टोक ठीक. दुसरा प्रश्न: आत अडकलेली सीडी कुठल्या प्रोग्रामने धरून ठेवली आहे का? कारण लिनक्समध्ये कोणी सीडी वाचत बसलं असेल तर दार उघडत नाही, काम चालू आहे म्हणून सांगतं. तसंही नव्हतं. हुकूम देऊन दार उघडायला सांगितलं. आत काहीतरी घरघरलं आणि थांबलं.

"ऐकून राहिला आहे," शकुताई अंजनीला म्हणाल्या. "पण बिचाऱ्याला उठता येऊन नाही राहिलं."

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि तो विचारायला शकुताईंनी महिना लावला होता: खोट नव्या आवृत्तीत आहे की नाही? शैलेंद्रने मागच्या खेपेला जुनी आवृत्ती एका पेनड्राइव्हवर भरून दिली होती. मशीन बंद करून त्या पेनड्राइव्हवरून चालू केलं. जुनी आवृत्ती उघडली, सगळं पूर्वीसारखं, आणि ड्राइव्ह मात्र तसाच. कर्र कर्र. दार बंद.

"झालं," शैलेंद्र म्हणाला. "नवी आवृत्ती निर्दोष सुटली. आता माफी माग."

"कोणाची?"

"माझी."

"तू काय ड्राइव्ह आहेस? पुढे बोल."

अंजनीला हसू आवरेना. ती घाबरून आली होती, पण ही आत्याभाच्यांची जुगलबंदी ऐकून पदर तोंडात धरायची वेळ आली, आणि पदर नव्हता म्हणून ओढणी धरली. शैलेंद्र म्हणाला की बाजारातून नवा ड्राइव्ह आणा, सोपं आहे. पण देवउठनी ग्यारस, म्हणजे आपली कार्तिकी एकादशी, आली होती, ओळखीचा दुकानदार ऊस आणि पूजेच्या गडबडीत दोन दिवस शटर उघडणार नव्हता; आणि उघडलं असतं तरी आतली सीडी काढायची होतीच. शिवाय शकुताईंचं म्हणणं वेगळंच होतं.

"नवा काहून आणायचा? ह्याला काय झालं ते तर कळू दे. माणूस आजारी पडला तर आपण लगेच दुसरा आणतो का?"

"अच्छा, मग एक काम कर. मशीन बंद कर. ड्राइव्हच्या तोंडावर एक बारीक भोक दिसेल. त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप घाल आणि हळूच रेट. दार हाताने बाहेर येईल. जबरदस्ती करू नको."

क्लिप अंजनीने सरळ केली, रेटली शकुताईंनी. आधी काही नाही. मग एक कट्ट असा आवाज आला आणि दार बोटभर बाहेर आलं. शकुताईंनी श्वास धरून ते ओढलं. बापूसाहेबांची सीडी शाबूत होती. अंजनीने ती दोन्ही हातांनी उचलली, आणि मग दोघी वाकून पाहतच राहिल्या.

सीडीच्या खाली, त्या तबकडीत, तांदूळ होते. पिवळे, हळद लावलेले, पाचसहा दाणे, इतके दिवस आत घसरून बसलेले आणि आता ओढताना बाहेर आलेले. अगदी मागच्या, एरवी न दिसणाऱ्या कोपऱ्यात कुंकू सांडलं होतं. झेंडूची एक सुकून कुरकुरीत झालेली पाकळी मागच्या फटीत अडकून बसली होती.

"मावशी," अंजनी हळूच म्हणाली, "ये तो अक्षता आहेत."

फोनवरून शैलेंद्र ओरडला, "काय आहे? काय आहे?"

शकुताईंनी एक दाणा उचलून पाहिला. मग त्यांच्या सगळं ध्यानात आलं. खंडेनवमी! त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करायची, म्हणजे ज्याच्यावर आपलं काम चालतं त्याची. आईकडे विळी, पावशी आणि वडिलांचा पाना पूजेला असे. शकुताईंकडे शिवणाचं मशीन आणि कॉम्प्युटर. पडद्याला कुंकू लावलं, की-बोर्डवर फूल ठेवलं. आणि मग त्यांना वाटलं, ह्याचा खरा हात तर हा ड्राइव्ह. बटण दाबलं. तबकडी अशी अदबीने पुढे आली, की तिच्यात हळदकुंकू आणि अक्षता घालणं ओघानेच आलं. हात जोडले, बटण दाबलं, आणि ड्राइव्ह प्रसाद घेऊन आत गेला.

पुण्याहून जो हसण्याचा स्फोट झाला तो कांचघरच्या चौकापर्यंत ऐकू गेला असेल. अंजनी तर जमिनीवर बसली. शकुताईंनी दोघांना पुरतं हसू दिलं, आणि मग चष्मा सावरून म्हणाल्या, "हसा. देवाला अक्षता वाहिल्या, त्यात माझं काय चुकलं? ड्राइव्हच्या पोटाला झेपल्या नाहीत, हे त्याने सांगायला नको?"

"आत्या, महिनाभर तेच तर सांगत होता तो!"

मग कामाला लागल्या. ड्राइव्ह पेटीतून सोडवला, उलटा करून दाणे झटकले, पाकळी चिमट्याने काढली. आतल्या भिंगावर कुंकवाचा गुलाबी थर होता. म्हणजे बिचाऱ्याला महिनाभर सगळं गुलाबीच दिसत असणार. कापसाच्या काडीला थेंबभर स्पिरिट लावून ते अलगद पुसलं. बापूसाहेबांची सीडी साबणाच्या पाण्यात धुतली आणि जुन्या मलमलच्या लुगड्याच्या तुकड्याने पुसली, मधून कडेकडे, सरळ रेघेत. गोल गोल पुसलं तर ओरखडे वाढतात, हे शैलेंद्रने सांगितलं. शकुताई म्हणाल्या, "ठाऊक आहे," आणि गोल फिरायला निघालेला हात थांबवला.

केबली घट्ट बसवल्या. मशीन चालू केलं. सीडी घातली. या वेळी कर्र झालं नाही. हलकेच वाऱ्यासारखी फिरली आणि मशीनने निमूट सांगितलं: आत सीडी आहे, गाण्यांची आहे.

शकुताईंनी पडद्यावरून हात ओवाळून त्याची अलाबला घेतली.

पण ओरखडे होतेच. साध्या प्लेअरवर लावली तर सीडी दुकानातल्यासारखीच उड्या मारू लागली. तेव्हा शैलेंद्रने लिनक्समधला एक प्रोग्राम सांगितला. तो गाणं वाजवत नाही. सीडीचा एकेक कण पुन्हा पुन्हा वाचतो, पटल्याशिवाय पुढे जात नाही, आणि सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवतो. त्याची गंमत अशी की तो वाचताना काळ्या खिडकीत तोंडं करतो. दोन टिंबं, एक रेघ, एक कंस. मान वाकडी करून पाहिलं की चेहरा. वाचन सुरळीत असेल तर हसरा. अडखळला तर तोंड वाकडं. ओरखडा लागला तर रडवेला.

मग त्या दुपारी कांचघरच्या त्या घरात दोन बायका मान वाकडी करून बसल्या होत्या.

"हसून राहिला! हसून राहिला!"

"अरे, मावशी, मुंह टेढ़ा केलं."

"कर बाबा टेढ़ा, पण रडू नको. शाबास. सावकाश. कोणी मागे नाही लागलं."

मध्ये एका जागी तो रडला. फारच रडला. एकाच ठिकाणी फिरून फिरून परत येई आणि तेच रडकं तोंड. अंजनीने शकुताईंचा दंड घट्ट धरला. तिच्या तोंडावरचं हसू गेलं आणि ती मराठीत, अगदी स्पष्ट मराठीत म्हणाली, "मावशी, आजोबांनी स्वतः आणून दिली हो. आत्तापर्यंत कपाटाला हात लावू देत नव्हते." शकुताईंनी तिच्या डोक्यावर थोपटलं आणि दोघी त्या चिमुकल्या रडक्या चेहऱ्याकडे बघत बसल्या. बाहेर कोणी ऊसवाला ओरडत गेला. चहा निवला. आणि मग तोंड वाकडं झालं, सरळ झालं, आणि हसलं. पुढची सगळी वाट तो हसतच गेला. शेवटी त्याने काम झाल्याची खूण म्हणून बत्तीशी दाखवणारा चेहरा केला, तेव्हा शकुताई खुर्चीतून उठून अंजनीबरोबर चक्क फुगडी खेळल्या. वयाला न शोभणारी.

दुसऱ्या दिवशी विनता आणि बापूसाहेब दोघंही आले. बापूसाहेब दारातच उभे राहिले, आत येईनात, जणू आत त्यांना ओळखणारा कोणी बसला होता. शकुताईंनी बटण दाबलं.

आणि आवाज आला. भरदार, खणखणीत, तरुण. मागे मांडवातली कुजबूज, कोणा लेकराचं रडणं, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज. बापूसाहेबांनी डोळे मिटले. काठीवरच्या हाताची बोटं ताल धरू लागली. विनताने बापाच्या पाठीवर हात ठेवला. शकुताईंना वाटलं, ह्यासाठी आणखी एक जन्म दोऱ्या खुपसत बसले असते तरी चाललं असतं.

तेवढ्यात आवाज गायला:

"आली ही विनता सलज्ज नयनी, कुर्यात् सदा मंगलम्..."

विनता एकदम भानावर आली. "अहो बाबा! माझं एकदा झालं ते पुरे आहे! हिच्या मांडवात परत माझंच लावता का?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मंगलाष्टकं विनताच्या लग्नातली, तर नाव तिचंच असणार. हसून हसून तिघांच्या पोटात दुखलं. बापूसाहेब आवाजाशिवाय हसत होते, खांदे तेवढे गदागदा हलत होते. वराचं नाव ज्या कडव्यात होतं ते कॅसेटमध्ये भरलंच गेलं नव्हतं, ते एक बरं झालं, नाहीतर जावईबापूंना नाव बदलावं लागलं असतं. प्रश्न एका शब्दाचा उरला. शकुताई म्हणाल्या, तो शब्द कापून टाकते आणि तेवढी जागा कोरी ठेवते. तिथे विनताने माइकवर अंजनीचं नाव घ्यावं. बापूसाहेबांनी बोटांवर मोजलं आणि नाराजीने मान हलवली. "बसत नाही," ते खरखरले. "पहिलं अक्षर जड आहे. वृत्त मोडतं."

"मोडू द्या," शकुताई म्हणाल्या. "पोरीचं नाव आता काय बदलायचं?"

लग्नाच्या दिवशी समाजाच्या हॉलमध्ये पाऊल ठेवायला जागा नव्हती. बापूसाहेब गाणार आहेत ही बातमी कशी कोण जाणे पसरली होती, आणि ज्यांच्या लग्नात ते गायले होते अशा कितीतरी बायका मुलाबाळांसकट आल्या होत्या. अंतरपाट धरला गेला. शकुताई साउंडवाल्याच्या शेजारी ठाण मांडून बसल्या. विनता माइक घेऊन मुलीच्या मागे उभी. बापूसाहेब तिच्या बाजूला, नवा कोट, मान खाली.

आवाज सुरू झाला. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंनी पदर डोळ्याला लावला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग ते आलं.

"आली ही..."

कोरी जागा. विनताने माइक तोंडापाशी नेला आणि तिला हुंदका फुटला. एकच शब्द बोलायचा होता, तो काही केल्या निघेना. शकुताईंनी घाईने गाणं थांबवलं. अंतरपाटामागे अंजनीने मान वळवून आईकडे पाहिलं. गुरुजी घसा खाकरू लागले.

बापूसाहेबांनी मुलीच्या हातातून माइक घेतला.

"अंजनी," ते म्हणाले.

खरखरीत, फाटका, माइकमध्ये वाळूसारखा घासणारा आवाज. पण हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला. ऑपरेशननंतर लोकांत बोललेला त्यांचा तो पहिला शब्द. शकुताईंनी बटण दाबलं आणि त्याच माणसाच्या तरुण गळ्याने पुढची ओळ उचलली, "सलज्ज नयनी, कुर्यात् सदा मंगलम्." अंजनी रडत होती आणि हसत होती. शकुताईही रडल्या, अगदी मोकळेपणी, साउंडवाल्याच्या रुमालात.

त्यानंतरची गंमत अशी की बापूसाहेबांनी माइक परत दिलाच नाही. हार घालून झाले, फोटो झाले, माइक हातातच. विहिणीची पंगत बसली तशी विनता हळूच जाऊन म्हणाली, "बाबा, द्या आता, दमाल." शकुताईंनी तिचा हात मागे ओढला. बापूसाहेब ताटांच्या रांगांमधून फिरत होते, आणि त्या फाटक्या आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, एकेका वऱ्हाडी पाहुण्याला नाव घेऊन श्रीखंडाचा आग्रह करत होते.